थांबलेली स्कूल बस आणि समोरून येणारी आपली गाडी: थांबायचं की नाही?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियातून टेक्सासला, ऑस्टिनजवळ राहायला आलो. घरापासून शाळेकडे जाणारा रस्ता मोठा आहे. दोन लेन जायला, दोन यायला आणि मध्ये डावीकडे वळणाऱ्यांसाठी एक लेन. दुभाजक नाही, नुसते पिवळे पट्टे. सकाळी समोरून स्कूल बस येते, थांबते, लाल दिवे उघडझाप करायला लागतात, स्टॉपची पाटी बाहेर येते. आमच्या बाजूच्या निम्म्या गाड्या थांबतात, निम्म्या सुसाट निघून जातात. जे थांबतात त्यांच्यावर मागचे हॉर्न वाजवतात.

नवऱ्याचं म्हणणं असं की रस्ता एवढा रुंद आहे, बस पार पलीकडच्या कडेला आहे, आपल्याला थांबायचं कारण नाही. कॅलिफोर्नियात असंच होतं. मला ते पटत नाही. एखादं मूल रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आलं तर? सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, त्या म्हणाल्या, शंका असेल तर थांबावं, त्यात वाद कसला. पण मला नक्की नियम काय आहे तेही हवंय, कारण ऑगस्टपासून आमची लेक याच बसने जाणार आहे. जाणकारांनी सांगा.

रानवाट
सांजवेळ, टेक्सासपुरतं उत्तर सरळ आहे: थांबायचं. इथे समोरून येणाऱ्याला सूट मिळते ती रस्त्याच्या दोन बाजू खरोखर वेगळ्या असतील तरच. म्हणजे मध्ये कठडा हवा, उंचवटा हवा, गवताचा पट्टा हवा, जिथे गाडी घालायला परवानगीच नाही अशी जागा हवी. वळायची लेन यात मोडत नाही, कारण तिच्यात गाड्या जातात. लेन किती आहेत याने टेक्सासात फरक पडत नाही.

तुमचे यजमान कॅलिफोर्नियाबद्दल चूक नाहीत. तिथे दोन्ही दिशांना दोन किंवा जास्त लेन असतील तर समोरच्याला थांबावं लागत नाही, दुभाजक नसला तरी. म्हणून तिथून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. दंड पहिल्याच वेळी ५०० ते १,२५० डॉलर आहे, आणि साध्या वेगमर्यादेच्या तिकिटासारखा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून तो काढून टाकता येत नाही.

परत निघायचं केव्हा, तर बस हलली, किंवा लाल दिवे बंद झाले, किंवा बसच्या ड्रायव्हरने खूण केली तर. मुलं चढलेली दिसली म्हणून आपल्या मनाने निघायचं नाही.

अटलांटावासी
या वळायच्या लेनवरून जॉर्जियात मोठा गोंधळ झालेला आहे. २०१८ मध्ये कायद्यात एक बदल झाला आणि मध्ये नुसती वळायची लेन असली तरी समोरून येणाऱ्यांनी थांबायची गरज नाही असा अर्थ निघायला लागला. शाळा, पालक, बस ड्रायव्हर सगळे हादरले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या सुरुवातीला, विधिमंडळाने तो बदल मागे घेतला. आता जॉर्जियातही मध्ये फक्त वळायची लेन असेल तर दोन्ही बाजूंनी थांबावंच लागतं.

पण शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात जा, चार लेन आणि मध्ये वळायची लेन असेल तर समोरच्याला सूट आहे. दोनच लेन आणि मध्ये वळायची लेन असेल तर मात्र थांबायचं. सुट्टीत आपण एका दिवसात तीन राज्यं ओलांडतो तेव्हा हे सगळं कुणाच्या लक्षात राहणार?

ओहायोकर
थोडं वेगळं मत मांडतो. रुंद रस्त्यावर, ४५ मैलांच्या वेगात असताना, पाच लेन पलीकडच्या बससाठी मी कचकन ब्रेक मारला आणि मागच्याने ठोकलं तर? आमच्या ओहायोत चार किंवा जास्त लेनचा रस्ता असेल तर समोरून येणाऱ्याने थांबायची सक्ती नाही. मला तो नियम जास्त व्यवहार्य वाटतो. तिथल्या मुलांना काही होत नाही, मग बाकीच्या राज्यांनीच सगळी वाहतूक का अडवायची?

पिवळीबस
मी न्यू जर्सीत स्कूल बस चालवते, बरीच वर्षं. हा धागा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ओहायोकर, तुमच्या नियमाचा अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. ओहायोच्या त्याच कायद्यात पुढे असं आहे की अशा चार लेनच्या रस्त्यावर बसने मुलांना त्यांच्या घराच्या बाजूलाच चढवायचं आणि उतरवायचं. मुलांनी तो रस्ता ओलांडायचाच नाही हे गृहीत धरून समोरच्या गाड्यांना सूट दिलेली आहे. मुलं सुरक्षित राहतात ती बसचा मार्ग तसा आखलेला असतो म्हणून. टेक्सासातल्या रस्त्यावर ओहायोचा नियम लावून गेलात तर तिथे एखादं मूल खरोखर ओलांडत असू शकतं.

आता माझ्या सीटवरून हे कसं दिसतं ते सांगते. स्टॉप जवळ आला की मी आधी पिवळे दिवे लावते. त्यांचा अर्थ मी थांबणार आहे, तुम्ही वेग कमी करा. काही लोक नेमकं इथेच ॲक्सिलरेटर दाबतात, लाल लागायच्या आत निसटायला. बस थांबली की पार्किंग ब्रेक ओढते. दार किंचित उघडलं की लाल दिवे लागतात, पाटी बाहेर येते आणि पुढच्या बंपरवरचा लांब दांडा उघडतो. तो दांडा मुलांनी बसच्या अगदी नाकासमोरून जाऊ नये म्हणून असतो. दार पूर्ण उघडायच्या आधी मी सगळे आरसे बघते. उजवीकडचा आरसा विशेष, कारण शोल्डरवरून, म्हणजे दाराच्या बाजूने, घुसणारेही असतात. थोडे असतात, पण असतात.

पहिलीतलं मूल बोनेटला लागून उभं राहिलं तर समोरच्या काचेतून मला ते दिसतच नाही. पुढच्या गोल आरशात दिसतं, तेही बारीक आणि वाकडं. म्हणून बसभोवतीची १० फुटांची जागा आम्ही धोक्याची मानतो आणि मुलांना पाठ करून घेतो: उतरल्यावर कडेकडेने पुढे १० फूट चाला, वळा, माझ्या चेहऱ्याकडे बघा. मी हात करेपर्यंत हलू नका. मग बसच्या डाव्या कडेच्या रेषेपर्यंत या, तिथे पुन्हा थांबा, दोन्हीकडे स्वतः बघा आणि मगच पुढे. माझा हॉर्न लांब वाजला की मागे फिरा.

एकदा एका छोट्याच्या हातातलं चित्र वाऱ्याने उडून पुढच्या चाकाजवळ गेलं. दहा फुटांचा धडा तोंडपाठ असलेलं मूल ते, पण चित्र आईसाठी काढलेलं होतं. ते वाकलं आणि माझ्या सगळ्या आरशांतून नाहीसं झालं. मी उतरलेली मुलं मोजत असते, एक कमी दिसलं म्हणून बस हलवली नाही. त्याच वेळी समोरून एक गाडी लाल दिव्यांना न जुमानता गेली. ते मूल चित्र घेऊन नेहमीसारखं पळत सुटलं असतं तर त्या गाडीपुढेच आलं असतं.

समोरून येणाऱ्यांनो, मुलाला आम्ही शिकवलेलं असतं की लाल दिवे लागले की गाड्या थांबतात. मोठी माणसं सांगतात त्यावर ते विश्वास ठेवतं. बसच्या नाकापुढून ते निघतं तेव्हा त्याला पहिली भेटते ती तुमची लेन. तुम्हाला ते बसच्या आड असल्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मागून येणाऱ्यापेक्षा समोरून येणाऱ्याची भीती आम्हाला जास्त वाटते ती यामुळे.

>>> मागच्याने ठोकलं तर?

पिवळे दिवे दिसले तेव्हाच पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, आरशात बघा, ब्रेकला दोनतीनदा हलका पाय लावा म्हणजे मागच्याला तुमचे दिवे दिसतील. कचकन ब्रेक लागतो तो बहुतेक वेळा पिवळ्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

ओहायोकर
पिवळीबस, घराच्या बाजूलाच उतरवायचं हे कलम मला माहीत नव्हतं. शोधून वाचलं, तसंच आहे. मग माझा मुद्दा फक्त ओहायोपुरता राहतो, बाकीच्या राज्यांना तो लावता येत नाही. इथेही दोनतीन लेनच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी थांबावंच लागतं, किमान १० फूट अंतर ठेवून.

हडसनकाठ
न्यूयॉर्कवाल्यांसाठी: आपल्याकडे कसलीच सूट नाही. दुभाजक असो, सहा लेन असोत, बस शाळेच्या आवारात किंवा पार्किंगमध्ये उभी असो, लाल दिवे चालू असतील तर दोन्ही बाजूंनी थांबायचं. मी आधी न्यू जर्सीत होतो, तिथे मध्ये उंच दुभाजक असेल तर पलीकडच्याने १० मैलांच्या वेगाने जायचं असतं आणि दुभाजक नसेल तर २५ फुटांवर थांबायचं. पूल ओलांडला की नियम बदलतो, रोज जा-ये करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

न्यूयॉर्कात २०१९ च्या कायद्यानंतर बसवर कॅमेरे लावायला परवानगी मिळाली. कॅमेऱ्याने पकडलं तर पहिल्या वेळी २५० डॉलरची नोटीस गाडीच्या मालकाच्या नावे येते. लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चालकाच्या नावावर जमणारे दोषगुण, लागत नाहीत. पोलिसाने प्रत्यक्ष पकडलं तर दंडाबरोबर पॉइंटही लागतात, आणि पहिल्या गुन्ह्यालाही ३० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मोकळंरान
कॅमेऱ्यांबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. मी फ्लोरिडात राहतो. इथे मध्ये उंच दुभाजक किंवा किमान ५ फुटांची कच्ची जागा असेल तर समोरच्याने थांबायची गरज नाही. तरी माझ्या बायकोला नोटीस आली. व्हिडिओत मधला गवताचा पट्टा आणि झाडं स्वच्छ दिसतात. दाद मागितली, रद्द झाली, पण त्यासाठी तिला कामावरून रजा घ्यावी लागली. अनेक ठिकाणी हे कॅमेरे खासगी कंपन्या स्वखर्चाने लावतात आणि दंडातला वाटा घेतात. मुलांच्या सुरक्षेच्या कामात कमाईचा हिशेब आला की लोकांचा नियमावरचाच विश्वास उडतो. हे मला मनापासून खटकतं.

रानवाट
मोकळंरान, नोटीस चुकीची होती यात वाद नाही, आणि दंडातल्या वाट्याबद्दल मीही तुमच्याशी सहमत आहे. पण कॅमेरे का आले तेही बघा. राज्यांच्या शालेय वाहतूक संचालकांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी एक दिवस बस ड्रायव्हरना मोजायला सांगते की आज किती गाड्या बेकायदा पुढे गेल्या. २०२३ च्या मोजणीत एका दिवसात ६२ हजारांहून जास्त नोंदी झाल्या, तेही सगळ्या बस सामील नसताना. त्यावरून वर्षाचा अंदाज ४ कोटी ३५ लाखांच्या घरात जातो. प्रत्येक स्टॉपवर पोलीस कुठून आणणार? बस चालवणाऱ्या बाईने मुलांकडे बघायचं की पळत्या गाडीचा नंबर टिपायचा?

नोटीस आली तर व्हिडिओ जरूर बघा, दुभाजक दिसतो का, लाल दिवे लागायच्या आधी तुम्ही बसला ओलांडलं होतं का ते तपासा. हक्क आहे तुमचा.

मेपलछाया
कॅनडातल्या ओंटारिओतून भर घालते. इथेही तेच, दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंनी थांबायचं. मागून येणाऱ्याने किमान २० मीटर अंतर ठेवायचं. पहिल्या गुन्ह्याला ४०० ते २,००० डॉलर दंड आणि ६ डिमेरिट पॉइंट. आमच्याकडे पूर्वी बसवर नुसते लाल दिवे असायचे. १ जुलै २०२२ पासून आधी पिवळे, मग लाल अशी पद्धत आली. जुन्या ड्रायव्हरना अजून सवय नाही, पिवळे दिवे बघून गोंधळतात. पिवळे म्हणजे वेग कमी करा, थांबायच्या तयारीत राहा. लाल लागले की पूर्ण थांबा.

जुनीपानं
अवांतर, पण विषयाला धरून. बसचा हा रंग ठरला १९३९ मध्ये, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. फ्रँक सिर नावाचे प्राध्यापक ग्रामीण शिक्षणावर काम करायचे. त्यांनी राज्यांचे अधिकारी आणि बस बनवणाऱ्यांना एकत्र बसवून बसची मानकं ठरवून घेतली. तोपर्यंत कुठे कुठल्याही रंगाची गाडी असे. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात या पिवळ्यावर काळी अक्षरं चांगली वाचता येतात, म्हणून तो निवडला. बाजूची स्टॉपची पाटी मात्र सगळ्या नव्या बसवर सक्तीची व्हायला १९९२ उजाडलं.

रानफूल
रंग, दिवे, पाटी सगळं असूनही काय होतं ते मी इंडियानात राहते म्हणून लिहिते. ३० ऑक्टोबर २०१८, रॉचेस्टरजवळचा ग्रामीण हमरस्ता, सकाळी अजून अंधार होता. एका घरातली तीन भावंडं, नऊ वर्षांची बहीण आणि सहा वर्षांचे जुळे भाऊ, बसकडे रस्ता ओलांडत असताना समोरून आलेल्या पिकअप ट्रकखाली गेली. तिघंही गेली, आणखी एक मुलगा गंभीर जखमी झाला. बस थांबलेली होती, दिवे चालू होते, पाटी बाहेर होती. ट्रक चालवणाऱ्या बाईने सांगितलं की दिवे दिसले, पण ती स्कूल बस आहे हे उमगलं नाही.

मला या घटनेतली पुढची गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे. अपघातानंतर तो स्टॉप हलवला. मुलं ज्या वस्तीत राहत होती तिच्या आत बस जायला लागली. म्हणजे रस्ता ओलांडायची गरजच उरली नाही. २०१९ मध्ये राज्याने कायदा केला की शहराबाहेरच्या राज्य आणि राष्ट्रीय महामार्गांवर, दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर, मुलांना रस्ता ओलांडावा लागेल अशा ठिकाणी चढवायचं-उतरवायचं नाही. हे आधी करता आलं असतं. तो विचार मला अजून अस्वस्थ करतो. चालकांनी थांबलंच पाहिजे, पण आईवडिलांनीही आपल्या मुलाचा स्टॉप कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे शाळा सुरू व्हायच्या आधी जाऊन बघितलं पाहिजे. आणि सकाळी अंधाराच्या वेळी.

पिवळीबस
रानफूल, अगदी बरोबर. त्या सकाळनंतर आमच्या प्रशिक्षणात या घटनेवर बोलल्याशिवाय सत्र संपत नाही.

चालकांना एक सांगते. दुरून लुकलुकणारे दिवे दिसले आणि काय आहे ते कळलं नाही, तर आधी वेग कमी करा, ओळख नंतर पटवा. अंधारात बसचा पिवळा रंग दिसत नाही, आमच्या हेडलाइटमागे ती नुसती काळी आकृती असते. वर दोन्ही टोकांना आलटून पालटून लागणारे लाल दिवे दिसले तर ती स्कूल बस आहे असंच धरा.

दोनघडी
माझा एक प्रश्न. पेनसिल्व्हेनियात आहे. मी चौकात उभा आहे, बस आडव्या रस्त्यावर कोपऱ्याजवळ थांबलीय. मी तिच्या मागेही नाही, समोरही नाही. तेव्हा?

हडसनकाठ
दोनघडी, पेनसिल्व्हेनियात चौकाजवळ बस थांबली तर चारही दिशांच्या गाड्यांनी थांबायचं असतं. अंतर किमान १० फूट. आणि दिवे बंद झाले तरी मुलं सुरक्षित जागी पोचेपर्यंत निघायचं नाही, हे तिथल्या नियमात स्पष्ट आहे. २५० डॉलर दंड, ५ पॉइंट आणि ६० दिवस लायसन्स निलंबित, जपून.

सांजवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट यांचं उत्तर आणि पिवळीबस यांची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, दुभाजक नसेल तर इथे थांबायचं, विषय संपला. सासूबाईंनी ते चित्राचं दोनदा वाचायला लावलं.

रानफूल यांचं वाचून काल आम्ही दोघं स्टॉपवर जाऊन आलो. आमचं घर ज्या बाजूला आहे त्याच्या पलीकडे स्टॉप आहे. म्हणजे लेकीला त्या पाच लेन ओलांडाव्या लागणार. नियमाने समोरच्या गाड्या थांबायला हव्यात, पण निम्म्या थांबत नाहीत हे रोज बघतेय. सात वर्षांच्या मुलीला मी त्या भरवशावर सोडू शकत नाही. शाळेच्या वाहतूक विभागाला स्टॉप बदलायला सांगता येतं का? पत्रात काय लिहायचं?

पिवळीबस
सांगता येतं, आणि सांगाच. फोनवर नको, लेखी पाठवा. बसचा मार्ग क्रमांक, स्टॉपचं नाव, सकाळ-दुपारची वेळ लिहा. रस्त्याला किती लेन आहेत, दुभाजक नाही, वेगमर्यादा किती, पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल जवळ आहे की नाही हे लिहा. स्टॉपवर उभं राहून दोन्ही दिशांचे फोटो काढा, एक अंधारातला. मागणी एकच ठेवा: बसचं दार आमच्या घराच्या बाजूला उघडावं. परतीच्या फेरीत बस तुमच्या बाजूने जातच असेल, तर कदाचित फक्त क्रम बदलावा लागेल, ते त्यांनाही सोपं जातं. त्याच बाजूला आणखी मुलं राहत असतील तर त्या पालकांच्या सह्या घ्या.

शिवाय बसच्या ड्रायव्हरला पहिल्याच आठवड्यात भेटा. समोरून न थांबता जाणाऱ्या गाड्या त्यांनाही रोज दिसतात आणि त्यांच्याकडे बेकायदा पुढे गेलेल्या गाड्यांची नोंद करायची सोय असते. तुमच्या पत्राबरोबर त्यांच्या नोंदी गेल्या की विभाग लवकर हलतो. उत्तर येईपर्यंत लेकीला एकटी ओलांडू देऊ नका. सकाळी तुम्ही हात धरून पलीकडे न्या, दुपारी बस यायच्या आधी पलीकडे जाऊन उभे राहा. स्टॉपवर पाच मिनिटं आधी पोचा, उशिरा पळत आलेलं मूल इकडेतिकडे बघत नाही.

सांजवेळ
फोटो आज सकाळीच काढले. मार्ग क्रमांक जिल्ह्याच्या यादीत सापडला. आमच्या बाजूला आणखी दोन घरांत शाळेची मुलं आहेत, त्यांच्याशी संध्याकाळी बोलते आणि उद्या पत्र पाठवते. उत्तर आलं की इथेच लिहीन.